मशीन रूम आणि शेजारची खोली

संपादक मंडळाने मला आपल्या शाळेच्या वाणिज्य विभागाच्या आठवणी लिहायला सांगितल्या आहेत. त्या लिहितेच. पण टायपिंगच्या मशीन रूमला लागून एक खोली होती आणि तिथे शनिवारी दुपारी होम नर्सिंगचा, म्हणजे घरच्या आजाऱ्याच्या शुश्रूषेचा, वर्ग भरायचा, हे किती जणांना आठवते? तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय मी लेख पुरा करणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी १९६७ साली अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक झाले. नायगावच्या आमच्या बीडीडी चाळीत मॅट्रिक झालेल्या मुलीला काय करायचे हा प्रश्न फार वेळ कुणी चघळत नसे. टायपिंगला घालायचे. शिवसेना वर्षभरापूर्वी स्थापन झाली होती. ऑफिसांतले टायपिस्ट-स्टेनो सगळे दाक्षिणात्य, मग आपली मुले कुठे आहेत, हे वाक्य जिन्यात, नळावर, सगळीकडे ऐकू यायचे. त्यात राजभाषा अधिनियम आलेला, सरकारी कारभार मराठीत व्हायचा म्हणजे मराठी टायपिस्ट लागणार. माझ्या वडिलांनी गिरणीतून सुटल्यावर थेट शाळेत येऊन माझी फी भरली.

मशीन रूममध्ये रेमिंग्टन होती, हलदा होती आणि नवी म्हणून बाई ज्यांना जपायच्या ती गोदरेजची मशीन्स होती. पहिल्या दिवशी बाईंनी आमच्या बोटांवर पुठ्ठ्याचे झाकण ठेवले. अक्षरे बघायची नाहीत. ए, एस, डी, एफ, आणि उजव्या हाताला सेमीकोलन, एल, के, जे. सगळा छळ करंगळीचा. जन्मात तिला कधी काम लागले नव्हते, आणि इथे ‘ए’ तिच्या वाट्याला. तिचा ठसा फिका उमटला की बाई कागद उजेडाकडे धरून नुसत्या बघायच्या. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरे वाटले असते.

मराठी मशीन वेगळेच प्रकरण होते. कळीवर बरीचशी अक्षरे अर्धी. अर्धा ‘श’ मारायचा आणि काना देऊन तो पुरा करायचा. ऱ्हस्व वेलांटी आधी, अक्षर मागून. म्हणजे ‘किती’ लिहिताना बोट आधी वेलांटीकडे धावले पाहिजे. आज नातवंडे मोबाइलवर बोलून मराठी उमटवतात, त्यांना हे सांगितले तर ती हसतात.

जी.सी.सी.च्या, म्हणजे सरकारी वाणिज्य प्रमाणपत्राच्या, परीक्षेला स्पीडचा उतारा, पत्र आणि स्टेटमेंट असे. स्टेटमेंटला मुली घाबरत. रकाने मोजून, डाव्या-उजव्या बाजूला सारखी जागा सोडून कागदाच्या मधोमध तक्ता बसवायचा, रेघा नंतर मारायच्या. मला मात्र ते आवडायचे. स्पीड मारण्यापेक्षा मोजून बसवण्यात मला जास्त गती होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी मशीन्स हातगाडीवर चढत, आणि गाडीमागून केंद्रापर्यंत चालत जाणाऱ्या बाईंचा चेहरा मुलगी सासरी पाठवणाऱ्या आईसारखा असायचा.

शॉर्टहँडला, म्हणजे लघुलेखनाला, सर होते. पिटमन पद्धत आवाजावर चालते: ‘पी’ची रेघ बारीक, तीच जाड केली की ‘बी’. स्वर बहुतेक गाळायचे आणि रेघ ओळीच्या वर आहे, ओळीवर आहे की ओळ कापून जाते यावरून ते ओळखायचे. आम्ही मराठी शाळेतल्या मुली. इंग्रजी शब्दाचा उच्चारच ठाऊक नसला तर रेघ कुठली काढायची? म्हणून सर आधी तोंडाने म्हणून घ्यायचे, मग टाइम्सचा अग्रलेख घड्याळ लावून वाचायचे. ८०, १००, १२०. मिनिटाला ऐंशी शब्द झाले तर लघुटंकलेखक, शंभरला निम्नश्रेणी लघुलेखक, एकशेवीसला उच्चश्रेणी. दोन्ही टोकांना तासलेल्या दोन पेन्सिली, एक हातात आणि एक वहीशेजारी, ही सवय मला निवृत्त होईपर्यंत होती.

आणखी एक गोष्ट सर शिकवत, ती अभ्यासक्रमात नव्हती. टाइप केलेला कागद टेबलावर नेहमी पालथा ठेवायचा. साहेबाने काय लिहवून घेतले ते घरी, गाडीत, कुणालाही सांगायचे नाही. सचिवालयातल्या, म्हणजे आजच्या मंत्रालयातल्या, नोकरीच्या पहिल्याच वर्षी या शिकवणीचा उपयोग कळला.

आता शेजारची खोली. तिथे एक लोखंडी खाट, एक मॅकिन्टॉश म्हणजे रबरी चादर, एनॅमलची भांडी आणि किडनी ट्रे. वर्ग सेंट जॉन ॲम्ब्युलन्स या प्रथमोपचार शिकवणाऱ्या संस्थेच्या प्रमाणपत्राचा. शिकवायला एक स्टाफ नर्स यायच्या, त्यांना आम्ही सिस्टर म्हणायचो. पेशंट म्हणून त्यांना माणूस लागायचे, तेव्हा मशीन रूममधून एकीला बोलावणे येई. मी बऱ्याचदा गेले, कारण तेवढाच करंगळीला आराम. खाटेवर माणूस असताना त्याला न उठवता खालची चादर बदलायची, पाठ पुसून कोरडी करायची, दर दोन तासांनी कूस वळवायची, हे मी आडवी पडून शिकले. तिकोनी पट्टीने माझा धडधाकट हात कितीदा गळ्यात अडकवला गेला!

माझ्या बाकावरची मैत्रीण या वर्गात होती. पुढे तिला केईएममध्ये जनरल नर्सिंगला प्रवेश मिळाला. साडेतीन वर्षे हॉस्टेलवर. काचेच्या सिरिंज उकळायच्या, सुया दगडावर घासून धार लावायची, गॉजचे तुकडे कापून ड्रममध्ये भरायचे, पहाटे अख्ख्या वॉर्डचे टीपीआर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास, मोजून चार्ट भरायचे. तिच्या आईने चाळीत कुणाला महिनाभर सांगितलेच नाही. सांगितल्यावर शेजारणी म्हणाल्या, रात्रपाळी? परक्या पुरुषांचे करायचे?

याचा मला आजही राग येतो. केरळच्या मुली घर सोडून एवढ्या लांब नर्सिंगला येत होत्या, पण ‘आपल्या मुली कुठे आहेत’ हा प्रश्न वॉर्डाच्या दारात कुणी विचारला नाही. खुर्चीवरच्या नोकरीसाठी भांडायला सगळे तयार, बेडपॅन उचलायला नको. लग्नाच्या बाजारातही तेच. मी स्टेनो म्हणून स्थळे चालून आली. तिला ‘नोकरी सोडाल ना?’ हा पहिला प्रश्न असे. तिने सोडली नाही.

१९७३च्या नोव्हेंबरात त्याच रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर हल्ला झाला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. त्यानंतर २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षे, तिथल्या परिचारिकांनी पिढ्या बदलत तिची शुश्रूषा केली. इतकी वर्षे पडून असूनही तिला बेडसोर झाला नाही, हे न्यायालयापुढेही सांगितले गेले. पाठ कोरडी ठेवणे आणि कूस वळवणे बेचाळीस वर्षे करत राहायला काय लागते, ते त्या खाटेवर पडून पाहिलेल्या मला थोडेफार कळते. मिनिटाला एकशेवीस शब्द त्यापुढे काहीच नाहीत, आणि हे मी स्वतः उच्चश्रेणी लघुलेखक असून म्हणते.

राज्यात मशीनवरची टायपिंग परीक्षा २०१७ साली शेवटची झाली. वाणिज्य विभागाचे कौतुक रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत भरपूर झाले आहे, सचिवालयात, बँकांत, एलआयसीत लागलेल्या मुलींची यादीही छापून आली होती. होम नर्सिंगच्या मुलींवर एक ओळ नव्हती. त्यांची हजेरीपुस्तके कार्यालयातल्या जुन्या कपाटात असावीत. संपादकांनी ती काढावीत. कोण कुठल्या रुग्णालयात लागली हे मैत्रिणीला बरेच माहीत आहे, मी तिला विचारले आहे. यादी टाइप करून द्यायला मी तयार आहे; स्टेटमेंटसारखी, रकाने मोजून, कागदाच्या मधोमध.