तुम्ही विचारलंत म्हणून: ढाबळीचा हंगाम बिघडला की औषध कोणतं द्यायचं?

"यंदा अंडी फोल जातायत, पिल्लं टिकत नाहीयेत. कोणतं औषध देऊ?" ढाबळ म्हणजे कबुतरांचं खुराडं, आणि ती राखणारं कुणी भेटलं की हंगामाच्या मध्यावर हा प्रश्न येतोच. पुष्कळदा विचारणाऱ्याने बाटली आधीच आणलेली असते, माझ्याकडून फक्त होकार हवा असतो.

माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही. आधी जोड्यांचं पिल्लं काढायचं काम थांबवा. मग तोटा कितव्या दिवशी होतोय ते बघा. औषधाची पाळी त्यानंतर.

थांबवायचं म्हणजे अंडी उचलून टाकायची नाहीत. अंडी उचलली की मादी आठवड्या-दीड आठवड्यात पुन्हा घालते, आणि आधीच दमलेल्या तिच्या हाडांतलं कॅल्शियम आणखी एकदा कवचात जातं. त्यापेक्षा खऱ्या अंड्यांच्या जागी लाकडाची नाहीतर प्लॅस्टिकची अंडी ठेवायची. जोडी निवांत बसून राहते. सकाळ जरा वर आली की नर येऊन मादीला उठवतो, दुपारभर तो बसतो, संध्याकाळच्या आत ती परत येते. त्यांचा नेम मोडत नाही आणि तुम्हाला विचार करायला अडीच आठवडे मिळतात. सारखं काहीतरी करत राहण्याची सवय असलेल्यांना हे अडीच आठवडे फार जड जातात, पण त्याला इलाज नाही.

आता कितवा दिवस, ते. पहिलं अंडं साधारण संध्याकाळकडे पडतं, दुसरं मधला एक दिवस सोडून दुपारी, म्हणजे सुमारे 44 तासांनी. खरी ऊब दुसऱ्या अंड्यानंतर मिळू लागते आणि तिथून 17-18 दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. दुसऱ्या अंड्याची तारीख घरट्याच्या फळीवर खडूने लिहिलेली असली की पुढचं सगळं तिच्यावरून मोजता येतं. ती नसेल तर मी काही सांगू शकत नाही, आणि तसं सांगतेही.

पाचव्या दिवशी अंधारात अंड्यामागे छोटी बॅटरी धरायची. जिवंत अंड्यात एक गडद ठिपका दिसतो आणि त्याच्यापासून चहूकडे लाल शिरा गेलेल्या असतात, कोळ्याने पाय पसरावेत तशा. नुसताच पिवळसर उजेड दिसला तर अंडं फोल. फोल अंडं म्हणजे बहुतेक वेळा रोग नव्हे. नर म्हातारा असतो, बसायची काठी हलते म्हणून वर चढताना त्याचा तोल जातो, शेजारच्या कप्प्यातला दांडगा नर ऐन वेळी मध्ये घुसतो, नाहीतर शेपटीखालची पिसं नको इतकी दाट असतात. घरट्यात चार अंडी असतील तर औषधाच्या दुकानात जाऊ नका, जोडीकडे बघा. त्या दोघी माद्या असतात. हे सांगितलं की लोक ओशाळतात. ओशाळायचं कारण नाही, कबुतरांत नर-मादी ओळखताना भलेभले फसतात.

शिरांच्या जागी लाल कडं दिसलं तर जीव धरला होता, पण सुरुवातीलाच गेला. असं बऱ्याच घरट्यांत एकदम झालं तर रात्री ढाबळीत कोण फिरून गेलं त्याचा माग काढा. उंदीर किंवा मांजर आलं की बसलेली मादी उडते, आणि अंधारात तिला घरट्यावर परतता येत नाही. सकाळी येऊन बघाल तर ती पुन्हा बसलेली, सगळं जागच्या जागी. रात्रभर अंडी गार पडली होती हे तुम्हाला कळतही नाही.

सगळ्यात जास्त कळतं ते शेवटच्या दोन-तीन दिवसांत मेलेल्या अंड्यावरून, आणि नेमकं तेच लोक किळस येते म्हणून फेकून देतात. तारीख उलटून आणखी दोन दिवस जाऊ द्या. मग हातमोजे घालून, ढाबळीच्या बाहेर, जुन्या कागदावर ते अंडं जाड बाजूने फोडा. जाड टोकाशी हवेची पोकळी असते. जन्माच्या आदल्या दिवसांत पिल्लू आतला पडदा फोडून चोच त्या पोकळीत घालतं आणि पहिला श्वास तिथे घेतं. चोच पोकळीत पोचलीय का? पिवळा बलक पोटात ओढला गेलाय की बाहेर लोंबतोय? पिल्लू पूर्ण वाढलेलं, बलक आत, चोच पोकळीत आणि पडदा कोरडा होऊन पिसांना चिकटलेला, असं असेल तर ओलावा कमी पडला. अशा वेळी माद्यांना अंघोळीचं पाणी द्या. त्या ओल्या पोटाने अंड्यांवर बसतात, तेवढ्यानेही फरक पडतो.

आतलं सगळं गढूळ आणि दुर्गंधी असेल तर मात्र गोष्ट वेगळी. जंतू शिरलेत, घाणेरड्या घरट्यातून किंवा खुद्द मादीच्या अंगातून. त्याच वेळी मोठ्या कबुतरांत कुणाचा पंखाचा सांधा सुजलाय, कुणी लंगडतंय, विष्ठा हिरवी आणि पातळ आहे, असं दिसलं तर साल्मोनेलाचा संशय घ्यायचा. आता पशुवैद्याकडे जायचं, ताजी विष्ठा आणि असंच एक न फोडलेलं अंडं घेऊन, आणि प्रतिजैविकाचा एक थेंबही देण्याआधी. आधी औषध दिलं तर तपासणीत जंतू सापडत नाहीत आणि रोग ढाबळीत तसाच राहतो. साल्मोनेला माणसालाही होतो, तेव्हा हात साबणाने धुवा आणि मुलांना तेवढे दिवस लांब ठेवा.

पिल्लं जन्मून मग जात असतील तर आधी दुधाचा विचार करते. होय, कबुतराचं दूध. नर आणि मादी दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीचं अस्तर जाड होतं, त्याच्या पेशी सुटून दाट, पांढरट-पिवळा लगदा तयार होतो, आणि पहिले तीन-चार दिवस पिल्लं फक्त त्यावर जगतात. हे ज्या संप्रेरकामुळे घडतं ते प्रोलॅक्टिन, आणि बाळंतिणीच्या दुधामागेही तेच असतं. ऑस्कर रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला ते ओळखलं, ते कबुतराच्या या पिशवीवर होणाऱ्या परिणामावरूनच. पुढे बरीच वर्षं प्रोलॅक्टिन मोजायलाही हीच पिशवी वापरली जायची. मला या गोष्टीचा उगीचच अभिमान वाटतो.

व्यवहाराची बाब अशी की या दुधाला वेळ असते. आई-बाप सोडून गेलेलं एका दिवसाचं पिल्लू, ज्या जोडीची अंडी फुटायला अजून आठवडा आहे तिच्याखाली सरकवलं तर ते उपाशी मरतं, कारण दूध उतरलेलंच नसतं. तारखांत एक-दोन दिवसांचाच फरक हवा. अशी जोडी नसेल तर एक-दोन दिवसांचं पिल्लू हाताने वाढवायच्या भानगडीत मी पडत नाही. गाईचं दूध तर नकोच, त्यातली साखर कबुतराच्या दुधात मुळात नसते. हे काहींना निष्ठुर वाटतं. वाटू दे.

याच दुधातून आणि पाण्याच्या भांड्यातून घशाचा रोग पसरतो, कॅन्कर म्हणतात त्याला. ट्रायकोमोनास नावाचा एकपेशीय जीव असतो. आई-बाप ठणठणीत दिसतात आणि पिल्लू आठ-दहा दिवसांचं होऊन जातं. सातव्या-आठव्या दिवशी पायात कडी घालायला पिल्लू हातात घ्यावंच लागतं, तेव्हाच त्याची चोच उघडून बघायची. घसा गुलाबी आणि ओला असावा. मागे पिवळट, घट्ट थर दिसला तर पशुवैद्याच्या सल्ल्याने आई-बापांनाही औषध हवं. एकट्या पिल्लाला देऊन भागत नाही.

"आणि मनाचं काय करता?" हा या प्रश्नाचाच दुसरा भाग, जरा हळू आवाजात येणारा. मी वहीत लिहिते. तारीख, कप्पा, जोडी, काय दिसलं. मन मोकळं करायला नव्हे. वाईट हंगामात अख्खी ढाबळ मरतेय असं वाटत राहतं, आणि वही उघडली की दिसतं, गेलेली बहुतेक पिल्लं खालच्या ओळीतली आहेत, ओल लागते तिथली. किंवा दोन जोड्यांचीच आहेत आणि त्यांचा बाप एकच. त्यावर काहीतरी करता येतं. "निसर्ग आहे, चालायचंच" ही समजूत मला पटत नाही. एवढ्याशा जागेत इतकी कबुतरं कोंबून त्यांच्याकडून वेतामागून वेत मागायला निसर्ग सांगत नाही, ते आपण करतो.

म्हणून बिघडलेल्या हंगामात मी उरलेली वेतं सरळ सोडून देते. पिसं झडायची वेळ येतेच आहे, तेव्हा पक्ष्याला सगळी ताकद नव्या पिसांसाठी लागते. नर एका बाजूला, माद्या दुसऱ्या बाजूला, दाणा जरा हलका, शिंपल्यांचा चुरा कायम समोर. महिनाभराने माद्यांच्या कप्प्यात अंडी दिसली तर दचकू नका, नर कुठून शिरला म्हणून जाळी तपासत बसू नका. एकट्या ठेवलेल्या माद्या आपसांत जोड्या जमवतात, घालतात आणि पाळीपाळीने बसतातही. बसू द्या. कंटाळून उठल्या की ती अंडी काढून टाका.