नांगीसकट वृश्चिक

काल गावी लाइट गेली आणि अंगणात बाजेवर पडल्या पडल्या अख्खा वृश्चिक दिसला, नांगीसकट! शहरात गच्चीवरून लालसर ज्येष्ठा तेवढी कशीबशी ओळखू येते. हा तारा सुमारे ५५० प्रकाशवर्षं दूर, आणि इतका अवाढव्य की सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळाची कक्षाही त्याच्या पोटात जाईल.

ग्रीक कथेत शिकारी ओरायन (आपल्याकडे त्याच ताऱ्यांत मृग आहे) विंचवाच्या दंशाने मेला. म्हणून विंचू पूर्वेला उगवला की तो पश्चिमेला मावळतो. दोघं आकाशात समोरासमोर, त्यावरून रचलेली गोष्ट. पण रचलीय झकास. विंचू मात्र ग्रीकांच्याही आधीचा, बाबिलोनी लोकांचा. तुळेचे तारे तेव्हा याच विंचवाचे चिमटे होते.

नांगीकडे बोट दाखवून "ते मूळ" म्हटलं, तर काकू दचकलीच. "अगं बाई, मुळावरच्या पोराची शांत करावी लागते!" मग टोकाची दोन ताऱ्यांची जोडी निरखून म्हणाली, "दिसायला गोड आहे की."

बाकी, सूर्य या तारकासमूहात जेमतेम आठवडाभर असतो, नोव्हेंबरच्या शेवटी. पुढे थेट भुजंगधारी या शेजारच्या तारकासमूहात. राशिभविष्यवाल्यांनी महिना कुठून आणला देव जाणे!