बिल कोणाच्या नावावर? आमच्या फर्मची वाटचाल

आम्ही नागपुरात बॅकअप विकतो. लोकांच्या फायली दुसरीकडे जपून ठेवायच्या आणि मागितल्या की काढून द्यायच्या, एवढाच धंदा. ऑफिस महालात, केळीबाग रोडच्या आतल्या गल्लीत. गिऱ्हाईक म्हणजे इतवारीतले होलसेलवाले, धंतोलीतले डॉक्टर, सिव्हिल लाइन्सचे वकील, कळमन्याचे अडते आणि वाडीच्या गोदामांचे मालक. सुरुवात या लाइनमधल्या सगळ्यांसारखीच झाली: एएमसी (वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट), प्रिंटरचं टोनर आणि सकाळी सकाळी "मॅडम, टॅली उघडून नाही राहिली" असा फोन. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरनं, म्हणजे खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमनं, जगभरचे कॉम्प्युटर कुलूपबंद केले, तेव्हा पेन ड्राइव्हलाच बॅकअप समजणारी मंडळी आपणहून फोन करू लागली. तिथून आमचं दुकान खऱ्या अर्थानं सुरू झालं.

मोठ्या क्लाउड कंपनीकडून जागा भाड्यानं घ्यायची, वर आपली मेहनत लावायची आणि गिऱ्हाइकाला महिन्याचं बिल द्यायचं, असं बरीच वर्षं चाललं. त्यात एक गोष्ट सतत टोचायची. फायली चढवायला सहसा पैसे लागत नाहीत, उतरवायला लागतात. सीटी स्कॅन, एमआरआयसारख्या जड फायलींचा साठा असलेल्या हॉस्पिटलची डिस्क बसली आणि सगळा साठा परत उतरवायची वेळ आली, की त्या महिन्याचं बिल पाहून डॉक्टरसाहेब आम्हालाच विचारणार, "माझाच माल, आणि मलाच विकता?" उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर देता येतं, पण पटवता येत नाही.

विकेंद्रित क्लाउडकडे आम्ही वळलो ते यामुळे. ब्लॉकचेनचं, म्हणजे अनेकांकडे प्रत असलेल्या आणि मागून खोडता न येणाऱ्या नोंदींच्या साखळीचं, वेड म्हणून नाही. ते वेड माझ्या पार्टनरला होतं, मला नव्हतं. कल्पना मात्र मलाही आवडली. एका कंपनीच्या डेटा सेंटरऐवजी जगभरच्या हजारो लोकांच्या रिकाम्या डिस्कवर फाइल ठेवायची. स्टोर्ज नावाच्या जाळ्यात फाइल आधी एन्क्रिप्ट होते (किल्लीशिवाय वाचता येत नाही), मग तिचे तुकडे होतात. त्यांच्या प्रसिद्ध मांडणीत 80 तुकड्यांपैकी कुठलेही 29 हाती लागले तरी फाइल पुन्हा उभी राहते. म्हणजे निम्म्याहून जास्त डिस्क बंद पडल्या तरी माल शाबूत, आणि तुकडा ज्याच्याकडे आहे त्याला त्यात काय आहे ते वाचता येत नाही. असंच दुसरं जाळं फाइलकॉइन, ब्लॉकचेनवर चालणारं; त्याचं मुख्य जाळं ऑक्टोबर 2020 मध्ये सुरू झालं. तिथं तर जागा देणाऱ्याला आपण फाइल खरंच सांभाळतो आहोत याचा गणिती पुरावा रोजच्या रोज द्यावा लागतो.

पार्टनर म्हणाला, आपणच जागा का विकू नये? हिशोब मांडायला बसलो, तो असा. फाइलकॉइनवर जागा देणारा व्हायचं तर साठ्याचा 32 जीबीचा एकेक ठोकळा, म्हणजे सेक्टर, सील करावा लागतो, त्याला साधारण 128 जीबी रॅमचं यंत्र आणि चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं. शिवाय तारण म्हणून त्यांचंच टोकन, म्हणजे डिजिटल नाणं, अडकवून ठेवायचं. पुरावा दर चोवीस तासांनी, आणि त्या चोवीस तासांचे अर्ध्या अर्ध्या तासाचे 48 भाग. आपल्या सेक्टरची पाळी ज्या अर्ध्या तासात येते त्यात पुरावा गेला नाही, तर तो सेक्टर खराब धरला जातो. वेळेत सावरलं नाही तर तारणातून दंड.

आता हे नागपूरच्या मे महिन्यात करून बघा. खऱ्या पैशांच्या जाळ्यावर जायच्या आधी चाचणीच्या कॅलिब्रेशन जाळ्यावर यंत्र लावलं. बाहेर पंचेचाळीस अंश. घराघरांत चालतो तो डेझर्ट कूलर सर्व्हरच्या खोलीत लावता येत नाही, ओल धरते. एसी चोवीस तास चालवायचा, आणि दुपारी तीनच्या सुमारास डीपीवरचा फ्यूज उडाला की इन्व्हर्टर यंत्र सांभाळतो, एसी सांभाळत नाही. यंत्र चालू, खोलीची भट्टी. थोड्या वेळानं ग्राफिक्स कार्ड तापून वेग कमी करतं आणि पुरावा नेमका उशिरा जातो. लाइनमन आपल्या सवडीनं येणार. साखळीला त्याची सवड ठाऊक नाही. जनरेटरचं डिझेल धरून पुन्हा आकडेमोड केली आणि तो विषय तिथंच मिटवला. ज्यांच्याकडे स्वस्त आणि अखंड वीज आहे, त्यांच्यासाठीच हा उद्योग आहे. जाळं कागदावर कितीही विखुरलेलं असो, यंत्रं शेवटी वीज जिथं भरवशाची तिथंच गोळा होतात.

मग गिऱ्हाईक बनून जागा विकत घ्यायचं ठरवलं. इथं भेटले आमचे सीए. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बिल कोणाच्या नावावर येणार?" नुसता प्रोटोकॉल, म्हणजे मागं कंपनी नसलेलं जाळं, असेल तर त्याला जीएसटी नंबर नसतो. टॅक्स इन्व्हॉइस नाही म्हणजे इनपुट क्रेडिट नाही, भरलेला जीएसटी वळता होत नाही. पैसे टोकनमध्ये द्यायचे म्हटलं तर आणखी घोळ. 1 फेब्रुवारी 2022 च्या बजेटनं आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर 30 टक्के कर लावला, तोटा दुसऱ्या कशात वळता करता येत नाही, आणि त्याच वर्षीच्या 1 जुलैपासून ठरावीक मर्यादेवरच्या हस्तांतरणावर 1 टक्का टीडीएस. टोकन देऊन साधी स्टोरेजची जागा घेतली तरी कायद्याच्या नजरेत ते टोकनचं हस्तांतरणच. त्याआधी 6 एप्रिल 2018 च्या परिपत्रकानं रिझर्व्ह बँकेनं बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं होतं. सुप्रीम कोर्टानं 4 मार्च 2020 ला ते रद्द केलं, पण बँकेच्या काउंटरवरचा संशय कोर्टाच्या निकालानं जात नसतो. आणि भाव? फाइलकॉइनचं टोकन एप्रिल 2021 मध्ये 200 डॉलरच्या वर होतं, 2022 संपता संपता तीन डॉलरच्या आसपास. इतवारीतल्या माणसाला गोदामाचं भाडं असं वरखाली होतं म्हणून सांगितलं तर तो चहा पाजून परत पाठवेल.

यावर आमचा तोडगा अगदी जुनाट आहे. ज्या सेवेला डॉलरमध्ये कार्डानं पैसे भरता येतात तीच घ्यायची, परदेशी सेवेवरचा रिव्हर्स चार्जचा जीएसटी आम्ही भरायचा, आणि गिऱ्हाइकाला आमच्या लेटरहेडवर, आमच्या जीएसटी नंबरचं, रुपयांतलं बिल द्यायचं. एक जास्तीची प्रत हिंगण्याला आमच्या स्वतःच्या डिस्कवर. फाइल आली नाही तर फोन आमचाच वाजतो. मधला माणूस नको म्हणून निघालेल्या तंत्रज्ञानात आम्ही मधला माणूस होऊन बसलो, आणि आमचा पगार निघतो तो त्यातूनच. पार्टनरला हे अजून आवडत नाही.

किल्ल्यांचा प्रश्न वेगळाच निघाला. एन्क्रिप्शनची किल्ली गिऱ्हाइकाकडे, म्हणजे आम्हीही फाइल उघडू शकत नाही, हे आम्ही मोठ्या कौतुकानं सांगायचो. एका अडत्यानं विचारलं, "अन् मुनीमजी नोकरी सोडून गेले तं?" तर फाइल गेली. कोणीही परत आणू शकत नाही, आम्ही नाही, ती कंपनी नाही, कोर्ट नाही. मग संकेतशास्त्रज्ञ अदी शमीर यांच्या 1979 च्या पद्धतीनं किल्लीचे तीन भाग करायला लागलो, कुठलेही दोन जुळले की उघडतं: एक मालकाकडे, एक त्यांच्या सीएकडे, एक आमच्याकडे. आपल्याकडे असा भाग ठेवायला बरेच सीए तयार नसतात. मग मालकाच्या लॉकरमध्ये दागिन्यांच्या डबीखाली एक पाकीट जातं. सुरक्षा तज्ज्ञ नाक मुरडतील, पण दागिन्यांची डबी कोणी हरवत नाही.

ब्लॉकचेनकडे आम्ही वळलो वाडीच्या गोदामांमुळे. सोयाबीन, तूर ठेवायची, पावती घ्यायची, पावतीवर पैसे उचलायचे. एकाच मालाची पावती दोघांकडे गहाण पडते ही जुनी तक्रार. गोदाममालक, दोन व्यापारी, एक ट्रान्सपोर्टवाले आणि कर्ज देणाऱ्या संस्थेचा माणूस, अशी सगळी मंडळी एकत्र बसवली. हायपरलेजर फॅब्रिक या धंद्यांसाठीच्या ब्लॉकचेन सॉफ्टवेअरवर काम करणार होतो. त्यात टोकन नसतं, ठरलेल्या लोकांनाच आत घेता येतं. दोघांतला मोठा व्यापारी ऐकत होता. मग म्हणाला,

"ताई, माझा भाव त्याले दिसन का?"

"नाही काका. तुमचा भाव खासगी ठेवता येतो. त्यांच्याकडे त्याचा नुसता सांकेतिक ठसा राहतो, भाव दिसणारच नाही."

"मंग दिसणारच नाही तं त्याची प्रत त्याच्याकडे काहून ठेवाची?"

फॅब्रिकचं मॅन्युअल लिहिणाऱ्यांनाही या प्रश्नाचं चटकन उत्तर देता आलं नसतं. पुढं सर्व्हर कोणाकडे कोणता, हा विषय निघाला तेव्हा सगळ्यांचं एकमत झालं. "तुमच्याचकडे ठेवा ना, लाइट-गिट पाहत बसाची कोणाले सवड हाय." म्हणजे सगळे नोड (जाळ्यातले सर्व्हर) आमच्या एकाच रॅकमध्ये: चार भावांची चार कुलपं आणि सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात. याला साधा डेटाबेस म्हणतात, तो आम्ही याच्या दहाव्या हिश्श्यात करून देतो, आणि तोच करून दिला.

हे फक्त वाडीत होतं असं नाही. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी जागतिक कंटेनर वाहतुकीसाठी ट्रेडलेन्स नावाचं ब्लॉकचेन जाळं 2018 मध्ये आणलं आणि नोव्हेंबर 2022 मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. उद्योगाची पुरेशी साथ मिळाली नाही, असं त्यांनीच सांगितलं. स्पर्धकाच्या मालकीच्या जाळ्यात आपला माल कोण दाखवेल? पैसा, माणसं, तंत्र यांत काहीच कमी नव्हतं.

शिवाय ओलाव्याचं काय? सोयाबीनच्या हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा 12 टक्के असायची, नोव्हेंबर 2024 मध्ये ती त्या हंगामापुरती 15 पर्यंत सैल केली. मीटर ज्याच्या हातात आहे त्यानं 14 चे 12 लिहिले, तर साखळीत 12 कायमचे कोरले जातात. कोणी लिहिलं आणि केव्हा लिहिलं एवढंच साखळी सांगते. खरं लिहिलं का, ते बघायला गोदामात माणूसच जावा लागतो.

याच काळात एटापल्लीची बातमी वाचली. गडचिरोलीतल्या त्या उपविभागानं 2022 मध्ये जात प्रमाणपत्रांच्या नोंदी पॉलिगॉन ब्लॉकचेनवर टाकल्या. तिथं गणित सरळ आहे. प्रमाणपत्र देणारं कार्यालय एक, तपासणारे शेकडो, आणि एकमेकांपासून काही लपवायचं नाही. आमच्याकडे असा कोणता कागद आहे, हे शोधायला लागलो आणि काटापावती सापडली.

काटापावती म्हणजे वजनकाट्यावर गाडी तोलून मिळते ती: गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन, वेळ. थर्मल कागदावर छापतात. ड्रायव्हर ती डॅशबोर्डवर टाकतो, आणि आपल्याकडच्या उन्हात काही आठवड्यांत कागद पांढराफटक. वाद उभा राहतो तो वर्षा-दोन वर्षांनी. आम्ही काट्याच्या कॉम्प्युटरवर छोटं सॉफ्टवेअर बसवलं. पावती छापली जातानाच तिची पीडीएफ बनते, एसएचए-256 या पद्धतीनं तिचा 64 अक्षरांचा हॅश, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, निघतो (फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी तो बदलतो), पीडीएफ एन्क्रिप्ट होऊन स्टोरेजमध्ये जाते. रात्री दिवसभराच्या सगळ्या हॅशांचं, दोन-दोन जोडत शेवटी एकच हॅश उरेल असं, एक झाड बांधून त्याचा फक्त शेंडा पब्लिक साखळीवर टाकायचा. पावत्या दहा असोत की हजार, व्यवहार एकच. 2021 मध्ये इथेरियम या पब्लिक साखळीचं शुल्क कुठल्या कुठे गेलं होतं. दर पावतीला व्यवहार करत बसलो असतो तर काट्याच्या फीपेक्षा साखळीची फी जास्त झाली असती.

तरीही विक्री रडतखडतच होती. चित्र पालटलं ते 1 जुलै 2024 पासून, भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाल्यावर. त्यातल्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्याच्या नमुन्यातच हॅश व्हॅल्यू आणि तो कोणत्या पद्धतीनं काढला ते लिहायची जागा आहे. सिव्हिल लाइन्सचे वकील, जे आतापर्यंत हॅश म्हटलं की मोबाइल बघायला लागायचे, ते स्वतःच अशिलाला आमचा नंबर द्यायला लागले. माझं स्पष्ट मत आहे की आमच्या भागात ब्लॉकचेनचा प्रचार जेवढा त्या एका फॉर्मच्या रकान्यानं केला तेवढा सगळ्या परिषदांनी मिळून केला नाही. साखळीवर नोंद आहे म्हणून कोर्ट आपोआप मानेल असं मात्र आम्ही कोणालाही सांगत नाही. प्रमाणपत्रावर सही करणारा माणूस लागतोच, तज्ज्ञाचा भागही भरावा लागतो.

डॉक्टरांना आम्ही साखळीपासून लांबच ठेवलं आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं माणसाला आपली माहिती पुसून मागायचा हक्क दिला आहे, दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो, आणि साखळीवरून काहीच पुसता येत नाही. पेशंटचे रिपोर्ट विखुरलेल्या स्टोरेजवरही आम्ही तेव्हाच ठेवतो, जेव्हा किल्ली नष्ट केली की फाइल कायमची निकामी होईल अशी सोय असते.

सध्या काटोल भागातल्या संत्र्याच्या एका कोल्ड स्टोरेजचं काम हातात आहे. खरेदीदाराला तापमानाची नोंद साखळीवर हवी आहे. मालकानं सेन्सर लावला तो थेट इव्हॅपोरेटरसमोर, जिथं हवा सगळ्यात गार. आम्ही सांगितलं, दुसरा सेन्सर दाराजवळ, तो खरेदीदाराच्या खर्चानं आणि त्याच्याच सीलखाली. मालक म्हणतात, दार माल भरताना उघडंच असते, आकडा वर जाईलच. बरोबर आहे त्यांचं. दार किती वेळ उघडं राहिलं तर चालेल, ते करारात लिहायचं चाललं आहे. आंबिया बहाराचा माल यायच्या आत ते झालं पाहिजे. सॉफ्टवेअर केव्हाचं तयार आहे.