आठवीचा हजेरीपट

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी हायस्कुलांतून बाहेर पडलेल्या माणसांना चाळिशी-पंचेचाळिशीत हमखास एक हुक्की येते. 'एकदा सगळ्यांनी भेटूया की!' व्हॉट्सॲपवर ग्रुप निघतो, चार दिवसांत तीस जण गोळा होतात, आणि पाचव्या दिवशी कुणीतरी आंबोलीच्या रिसॉर्टचे फोटो टाकतो. मग खोल्या ठरतात, जेवण ठरतं, टी-शर्टचा रंगही ठरतो. वर्गात होतं कोण कोण, याचा मात्र पत्ता नसतो. जमलेले तीस जण हे एकमेकांचे नंबर आधीपासून असलेले तीस जण असतात. त्यांना भेटायला मेळावा कशाला हवा? ते दर आठवड्याला चहाला भेटतातच.

उरलेल्यांसाठी कागद लागतो, आणि तिथं बहुतेक जण दहावीच्या निकालाची यादी मिळवतात. ती अपुरी असते. आपल्याकडं सातवीपर्यंत गावची प्राथमिक शाळा आणि आठवीपासून हायस्कूल, म्हणजे पाच-सहा गावांची पोरं आठवीत प्रथम एकत्र आली. त्यातला कुणी नववीत नापास होऊन उद्यमबागच्या फाउंड्रीत लागला, कुणी गोव्याला हॉटेलात गेला, एखादीचं दहावीच्या आधीच लग्न झालं. निकालाच्या यादीत यांतलं कुणीच नाही. आठवीच्या हजेरीपटावर सगळे असतात. मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज द्यावा आणि रजिस्टर घरी न मागता क्लार्कसमोर बसून नावं उतरवून घ्यावीत. जूनमध्ये प्रवेशांची आणि मार्चमध्ये परीक्षेची धांदल असते; तेव्हा जाऊ नये, कपाटाची किल्ली सापडत नाही.

नावं उतरवली की ती गावागणिक वेगळी काढायची आणि प्रत्येक गावाला एक माणूस नेमायचा. 'ज्याला जो माहीत असेल त्यानं त्याला कळवा' म्हटलं की कुणीच कुणाला कळवत नाही. मुलगे दोन-तीन फोनांत सापडतात. मुली सापडत नाहीत, आणि बरेच मेळावे इथंच अर्धे होतात. पटावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं, आणि सासर चंदगडला, गडहिंग्लजला नाहीतर गोव्यात. फेसबुकवर शोधण्यापेक्षा सरळ वाट म्हणजे तिचा भाऊ. पण भावाकडून नंबर मिळाल्यावर पहिला फोन वर्गातल्या बाईनंच करावा. वीस-पंचवीस वर्षांनी एखाद्या पुरुषाचा 'ओळखलंस काय?' असा फोन सासरच्या स्वयंपाकघरात वाजला तर ती ओळखूनही न ओळखल्यासारखं करते. वर्गातल्या दोन बायका सापडल्या की पुढच्या दहा त्याच शोधतात. एकीला दुसरीचं माहेर, सासर आणि दोन्हीकडचं राजकारण पाठ असतं.

याच कामात आणखी एक नोंद हळू हाताने करावी लागते. गेलेल्यांची. दोन माणसांनी वेगवेगळ्या वाटांनी खात्री केल्याशिवाय कुणाचं नाव श्रद्धांजलीत घालू नये. आडनाव तेच, गाव तेच, माणूस भलताच, असं होतं, आणि मग जिवंत माणसाच्या नावानं सभागृह उभं राहतं. तो दुसऱ्या रांगेत बसलेला असला तर निदान हशा तरी होतो.

तारखेचं त्रांगडं सीमाभागाचं खास आहे. कर्नाटकाच्या शाळांची मोठी सुट्टी दसऱ्याला, महाराष्ट्राच्या शाळांची दिवाळीला. बेळगावात राहिलेला मोकळा असतो तेव्हा पुण्यात गेलेल्याच्या मुलांची परीक्षा असते. उन्हाळ्यात कर्नाटकाची सुट्टी एप्रिलमध्येच लागते आणि मे संपता संपता शाळा भरते. महाराष्ट्राची जूनच्या मध्यापर्यंत चालते. दोन्हीकडं सुट्टी असा खरा काळ म्हणजे मे महिना. तेव्हा लग्नं, गावोगावच्या लक्ष्मीच्या यात्रा आणि दुपारचा वळीव. मांडव घातला तर कापडावर भागत नाही, वर पत्रे लागतात. शहरात ठेवायचं तर वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीची रात्र टाळावी. डिसेंबर गार आणि छान, पण बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की लॉजच्या खोल्या मिळत नाहीत. ते संपल्याची खात्री करून नाताळाच्या सुट्टीतला रविवार घ्यावा. सगळ्यांत चांगला दिवस मात्र भाऊबीजेच्या लगेच नंतरचा, कारण माहेरवाशिणी आलेल्याच असतात. त्याला आडवी येते सुगी. पश्चिमेकडच्या गावांत तेव्हा भाताची कापणी, आणि भात उभं टाकून कुणी भाषणं ऐकायला येत नाही. शेतकरी जास्त की माहेरवाशिणी जास्त, हे पटावर मोजून ठरवावं.

आता वेळ. रिसॉर्टचा मुक्काम ठेवला की निम्म्या बायका गळतात. घरी सांगायला जड, आणि सांगितलं तरी संध्याकाळचा स्वयंपाक कुणी करायचा? म्हणून मुख्य मेळावा रविवारी, शाळेतच, साडेदहा ते चार. बसचा हिशेब आधी सांगून ठेवावा. कर्नाटकात 2023 च्या जूनपासून शक्ती योजनेत बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे, पण राज्यातल्या रहिवाशांना आणि राज्यातल्या राज्यात. चंदगडला दिलेल्या मैत्रिणीचं आधार महाराष्ट्राचं, म्हणजे तिला कर्नाटकाच्या गाडीत पूर्ण तिकीट. महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना निम्मं, पण तेही हद्दीपर्यंतच. हद्दीवरच्या शिनोळीच्या पुढं सवलत संपते. चौघी एका बाजूच्या असल्या तर एक गाडी पाठवणं सोपं.

कार्यक्रम बिघडवण्यात फेट्याचा पहिला नंबर. एका फेट्याला तीन मिनिटं धरली तरी साठ जणांना एका माणसाचे तीन तास जातात. फेटे फक्त शिक्षकांना बांधावेत, आणि त्यांनाही आवडत असतील तर. सरांना आणि टीचरना आणायला-पोचवायला प्रत्येकी एक जण नेमावा, व्यासपीठाच्या पायऱ्या टाळून हात असलेल्या खुर्च्या खालीच मांडाव्यात, जेवण एकच्या ठोक्याला द्यावं. बऱ्याच जणांना गोळ्या असतात. कन्नड शिकवणाऱ्या सरांना विसरतात, तसं करू नये. आज बँकेत आणि तहसीलदार कचेरीत चार वाक्यं बोलता येतात ती त्यांच्यामुळं. भाषणं दोनच. बाकी वेळ रिकामा सोडावा. आयोजकांना रिकाम्या वेळाची भीती वाटते आणि ते त्यात अंताक्षरी कोंबतात. 'काय करूलालास आता?' हे विचारायला तेवढाच वेळ असतो. दहावीला 625 पैकी किती पडले होते, हे मात्र माइकवरून कुणाला विचारू नये.

शाळेतलं जेवण शाकाहारी ठेवावं. या भागात माळकरी पुष्कळ, आणि एका पंगतीत दोन पातेली फिरली की पळ्या बदलतात. ऐंशी पानांना माणशी 50 ग्रॅम धरून 4 किलो कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई, पुरतो. तो त्याच दिवशी उचलावा. मटणाची हौस शनिवारी रात्री कुणाच्या तरी शेतात भागवावी, शनिवार पाळणारे सोडून. चाळीस खाणाऱ्यांना हाडांसकट 10 किलो, जोंधळ्याच्या भाकऱ्या माणशी दोन, म्हणजे सात-आठ किलो पीठ. भाकऱ्या बचत गटाकडं आदल्या दिवशी सांगाव्यात आणि गरम असताना डब्यात कोंबू नयेत, वाफेनं चिंब होतात. बुट्टीत फडकं घालून ठेवाव्यात. गोव्याचा दोस्त दारूचं 'मी येताना आणूलालो' म्हणाला तर त्याला थांबवावं. चोर्ला रस्त्यावर अबकारीची तपासणी असते आणि मेळाव्याची रात्र चौकीवर जाते.

वर्गणी एकाच खात्यावर घ्यावी, आणि कुणी दिली, कुणी नाही ही यादी ग्रुपवर टाकू नये; पाचशे रुपयांसाठी माणूस ग्रुप सोडतो आणि मेळावाही. ग्रुप फोटो जेवणाआधी, व्हरांड्याच्या सावलीत काढावा. जेवणानंतर गोव्याकडचे निघून गेलेले असतात. फोटोच्या प्रती काढताना खाली नावं छापावीत, आणि बायकांची दोन्ही, माहेरचं आणि सासरचं. पुढच्या वेळी शोधाशोध करणाऱ्याचा महिना वाचतो.