बाळाचा डोळा दाखवायला आली होती

"सर, बाळाच्या डोळ्यातून सारखं पाणी येतंय. माझ्यासारखंच असलं तर?"

ओपीडी संपत आलेली. समोर बाविशीतली मुलगी, मांडीवर दोन महिन्यांचं बाळ. तिनं पिशवीतून पिवळी पडलेली फाइल काढली. आतलं अक्षर माझं, रेसिडेंट असतानाचं : 'वय ५ महिने. जन्मजात काचबिंदू, दोन्ही डोळे.'

मला ती नाही, तिची आजी आठवली. "डोळं कसं हरणीवानी हायत," म्हणून गावभर कौतुक झालं होतं, आणि तो मोठेपणा हाच आजार होता. तान्ह्या डोळ्याची भिंत मऊ असते. आत पाणी तुंबलं की डोळाच ताणून मोठा होतो. जन्मतः बुबुळाची काच साधारण १० मिलिमीटर रुंद असते. हिची उजवी साडेबारा, डावी १४, दोन्ही दुधाळ. काचेतून आतलं दिसेना, म्हणजे गोनिओटॉमी, काचेतून बघत आतून पाण्याची वाट उघडायचं ऑपरेशन, बाद. आमच्या सरांनी बाहेरून ट्रॅबेक्युलोटॉमी आणि ट्रॅबेक्युलेक्टॉमी एकत्र केली, म्हणजे तुंबलेल्या पाण्याला बाहेरून वाट करून दिली. मी शेजारी उभा राहून बुबुळ ओलं ठेवत होतो, एवढंच माझं कर्तृत्व.

पुढच्या पानांवर डोळ्यातलं प्रेशर १२, १४, १३. ऑपरेशन यशस्वी. तरी डाव्या डोळ्यानं तिला आजही फक्त समोरची बोटं मोजता येतात. प्रेशर उतरलं, पण त्या डोळ्याला बघायची सवय लागली नाही. जाड चष्मा लावायचा होता, चांगला डोळा रोज काही तास पट्टीनं झाकायचा होता. पोर पट्टी ओढून काढायची आणि घरातले सगळे रानात. 'पट्टी अनियमित' एवढं लिहून मी मोकळा झालो होतो. परवा ते दोन शब्द मला वाचवेनात.

आधी बाळ बघितलं. टॉर्च लावला तर टकामका बघायला लागलं. काचबिंदूचं बाळ उजेड दिसला की डोळे गच्च मिटून तोंड लपवतं. बुबुळ लख्ख, १० मिलिमीटर. नाकाजवळचा कोपरा दाबला तर चिकट पाणी वर आलं. अश्रुनलिका बंद, बाकी काही नाही. तिचे आईवडील मामे-आते भावंडं. नवरा मात्र नात्याबाहेरचा. या आजारात सदोष जनुक बहुधा दोन्हीकडून यावं लागतं, त्यामुळे धोका कमी. तरी बाळाला पुन्हा बोलावलं.

"आणि तुझं प्रेशर कधी बघितलंस?"

"दहावीत. काही त्रासच नव्हता."

उजवा डोळा २८, चढलेलं. पुन्हा मोजलं, २७. आतल्या नसेचा खड्डा फाइलीतल्या चित्रापेक्षा मोठा, म्हणजे नस झिजत होती. ऑपरेशननं केलेली पाण्याची वाट वीसेक वर्षं चालली तरी कधीतरी भरून येते, हे पुस्तकात वाचलेलं होतं. तीनेक वर्षांच्या वयानंतर डोळ्याची भिंत टणक होते. मग प्रेशर चढलं तरी डोळा वाढत नाही, सहसा पाणीही येत नाही, उजेडही खुपत नाही. बाळाचा डोळा रडत होता म्हणून ती आली. तिचा गप्प होता.

अंगावर पाजणारी आई, म्हणून ब्रिमोनिडीन हे प्रेशर उतरवणारे थेंब बाजूला ठेवले. दुधातून गेले तर बाळाला गुंगी यायची, श्वास मंदावायचा. दुसरे थेंब दिले. थेंब टाकले की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन-तीन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध अंगात कमी उतरतं. बाळाचाही तोच कोपरा, पण तिथं दाबून बोट खाली ओढायचं, नळी उघडायला.

"दोघांचं एकाच जागी?" तिनं बाळाच्या नाकाशी बोट टेकवून बघितलं.

"हो. पण आधी नखं काप."