अ‍ॅमस्टरडॅमहून वॉर्मर, व्हाया द एक्स

आपली मंडळी अ‍ॅमस्टरडॅमला गेली की कालवे, ट्युलिप आणि झान्से स्कान्सच्या पवनचक्क्या करून परत येतात. मी त्याच लोकलने एक स्टेशन पुढे, वॉर्मरवेअरला उतरलो आणि झान नदीवरचा पूल ओलांडून पलीकडे वॉर्मर गावात गेलो. कारण एकच, जी. डब्ल्यू. सॉक. कोण म्हणून विचारणार हे माहितीये.

१९७९ साली या भागातल्या पोरांनी 'द एक्स' नावाचा पंक बँड काढला. नाव एवढं छोटं का, तर भिंतीवर स्प्रे घेऊन दोन सेकंदात लिहिता यावं. कोणी काय वाजवायचं ते म्हणे काड्या ओढून ठरवलं आणि सॉकच्या वाट्याला आला माइक. गाणं म्हणाल तर तो गातच नाही हो, शब्द धाडधाड आपटत बोलतो, मधूनच खवचटपणे, अगदी चौकातल्या सभेत घसा ताणणाऱ्या कार्यकर्त्यासारखा. पहिल्यांदा ऐकून मी बंद केलं होतं. नंतर सुटेना.

तेव्हाचं वातावरणही तसंच, घरं मिळत नाहीत म्हणून पोरं रिकाम्या इमारतींचा ताबा घेऊन राहायची, ३० एप्रिल १९८० ला राणी बेआट्रिक्सच्या राज्यारोहणाच्या दिवशी 'घर नाही तर राज्याभिषेक नाही' म्हणत अ‍ॅमस्टरडॅममध्ये दंगल पेटली. द एक्स याच लोकांमधला. वॉर्मरची व्हॅन गेल्डर कागद गिरणी बंद पडली, तर यांनी १९८३ मध्ये गिरणी आणि तिथल्या कामगारांवर चक्क चार सिंगल्सचा, म्हणजे छोट्या रेकॉर्ड्सचा, बॉक्स काढला. गिरणगाव पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

आता नदीकाठी उरलीत ती जुनी विटांची गोदामं, अवाढव्य, आणि त्यांच्यावर मोठ्ठ्या अक्षरात नावं. एकावर 'बसीन' वाचून मी थबकलोच, आपली वसई इथे कुठे? ती वसई नव्हे, ब्रह्मदेशातलं तांदळाचं बंदर, इथे तांदूळ कांडायचे. हवेत मात्र तांदूळ नाही, कोकोचा वास, या पट्ट्यात कोकोचे कारखाने अजून चालू आहेत.

सॉक ३० वर्षं टिकला. २००६ चा इथिओपियाच्या गेताच्यू मेकुरियाच्या सॅक्सोफोनसोबतचा अल्बम तर ऐकाच, माझ्या मते यांचं सगळ्यात भारी काम तेच. २००९ मध्ये तो बँडमधून बाहेर पडला, जागी आर्नोल्ड डी बूर आला, बँड चालू राहिला. सॉक काही घरी बसला नाही, अजय सग्गरच्या 'किंग चॅम्पियन साउंड्स' या बँडमध्ये पुन्हा माइकसमोर. हाच अजय 'भजन बॉय' नावानेही संगीत करतो, नाव ऐकून हसू आलं, पण ऐकण्यासारखं आहे.

पवनचक्क्या बघायला जाणारच असाल तर दोन तास जास्त ठेवा आणि गोदामांच्या बाजूने नदीकाठी चाला. हेडफोन विसरू नका, आवाज जरा मोठा ठेवा.