४७वा दिवस

"मॅडम, सगळं वाया गेलं."

खुर्चीत बसायच्या आधीच ते म्हणाले आणि खिशातली छोटी डायरी माझ्यासमोर ठेवली. सिगारेट सोडू पाहणाऱ्यांची मी समुपदेशक आहे. ती डायरी मी दर आठवड्याला बघत होते. सिगारेटशिवाय गेलेल्या प्रत्येक दिवसाची एक उभी रेघ, अशा ४६ रेघा. आज त्या सगळ्यांवरून पेनाने फुली मारलेली होती, इतकी जोरात की एका जागी कागद फाटला होता.

आदल्या संध्याकाळी एक सिगारेट ओढली होती. एकच.

माझ्या तोंडून "अरेरे" निघून गेलं. त्यांची मान आणखी खाली गेली. इतकी वर्षं हे काम करून मला तो शब्द आवरता आला नाही, हे अजून टोचतं. माणूस घसरतो तेव्हा सिगारेटपेक्षा लाजच त्याला जास्त खोल नेते, हे मीच सगळ्यांना सांगत असते.

रात्री त्यांनी दंडावरचा निकोटिनचा पॅच काढून टाकला होता. उरलेले पॅचही कचऱ्यात. "ओढलीच, मग आता पॅच कशाला?" हे मी फार वेळा ऐकलंय. खरं तर एखादी सिगारेट ओढली गेली म्हणून पॅच थांबवायचा नसतो. तेव्हाच त्याची सगळ्यात जास्त गरज असते, कारण तो काढला की तल्लफ आणखी जोराने येते आणि दुसरी सिगारेट पहिलीपेक्षा सोपी होते. मी नवा पॅच काढून समोर ठेवला. त्यांनी हात लावला नाही.

मग सिगारेटच्या धुरातून शरीरात जाणारा कार्बन मोनॉक्साइड वायू श्वासात किती आहे, ते मोजायचं मशीन पुढे केलं. पहिल्या दिवशी आकडा २६ आला होता. त्यांनी श्वास रोखला, हळूहळू सोडला. ४.

"मशीन बिघडलंय."

बिघडलं नव्हतं. रक्तातला हा वायू साधारण चार-पाच तासांत निम्मा होतो, आणि त्या एका सिगारेटला रात्र उलटून गेली होती. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की तुम्ही ओढली नाहीत असं हा आकडा म्हणत नाही. तुमचं शरीर काल रात्री पुन्हा पहिल्या दिवसावर जाऊन बसलं नाही, एवढंच तो सांगतोय. मग कागदावर हिशेब मांडला. रोजच्या २०, दिवस ४६. न ओढलेल्या सिगारेटी ९२०. त्याखाली काल: १. ते त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिले.

घडलं कसं, ते मग हळूहळू बाहेर आलं. सुरुवातीचे दिवस सगळ्यात वाईट असतात: झोप नाही, चिडचिड, कशात लक्ष नाही. ते त्यांनी काढले. तिसऱ्या आठवड्यात ऑफिसात मोठं भांडण झालं, तेव्हा तल्लफ ओसरेपर्यंत जिने चढत-उतरत राहिले. पाचेक मिनिटांत ती गेली. काल मात्र भांडण नव्हतं, ताण नव्हता. कॉलेजचा जिवलग मित्र १५ वर्षांनी भेटला. दोघं पोट धरून हसत होते, हसता हसता त्याने पाकीट पुढे केलं, आणि मनात काही यायच्या आत यांचा हात गेला.

मी त्यांच्या फाइलमधली धोक्याच्या प्रसंगांची यादी उघडली. ताण, कंटाळा, जेवणानंतरची वेळ, एकटेपणा, सगळं माझ्याच अक्षरात. आनंद कुठेच नव्हता. ही चूक त्यांची नाही, माझी आहे, असं मी त्यांना सांगितलं. तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं.

मग आम्ही तालीम केली. मी मित्र झाले आणि पेन सिगारेटसारखं धरून पुढे केलं. "घे रे, एकच." त्यांचा हात खरोखरच अर्धा उठला! दोघंही दचकलो. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "नको, सोडतोय मी." मी पेन तसंच धरून ठेवलं, कारण 'सोडतोय' म्हणणाऱ्याला मित्र आग्रह करतोच. तिसऱ्यांदा त्यांनी हात मांडीवरच ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "मी ओढत नाही रे. तू सांग, पुढे काय झालं?"

पेन मी खाली ठेवलं. त्यांनी बाही वर सरकवली आणि पॅच उचलला.